हलाल तर आहे, पण तय्यिब आहे काय?

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरहमधील १६८ व्या आयतीत अल्लाहने समस्त मानवजातीला उद्देशून अन्नाविषयी आदेश दिला आहे. तेथे खाण्यायोग्य वस्तूसाठी दोन शब्द एकत्र आले आहेत. पहिला ‘हलाल’ आणि दुसरा ‘तय्यिब’. हलाल म्हणजे शरीअतने वैध ठरविलेले. तय्यिब या शब्दात शुद्ध, स्वच्छ, निर्भेळ, हितकारक असे अनेक अर्थ सामावले आहेत. वाचकहो, आपण प्रामाणिकपणे विचार केला तर असे दिसेल की पहिल्या शब्दाविषयी आपण दक्ष असतो आणि दुसऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. मांस कोणाच्या दुकानातून आणले हे आपण विचारतो. मसाल्यात काय मिसळले आहे हे विचारत नाही.

हा विषय आज घेण्याचे कारण एक तरुण आहे. तो पिंपळे सौदागरला राहतो. पवनेच्या काठावरचे हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव आता उंच इमारतींचे उपनगर झाले आहे. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबे येथे राहतात. चौकाचौकात व्यायामशाळा आहेत आणि व्यायामशाळेच्या आसपास मोठमोठे डबे मांडलेली दुकाने आहेत. एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर या तरुणाने पिशवीतून तीन वस्तू काढून माझ्यापुढे ठेवल्या: व्हे प्रोटीनचा डबा, क्रिएटिनची लहान डबी आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली. पहिल्या दोन त्याच्यासाठी होत्या. तिसरी त्याच्या अब्बांसाठी होती, कारण अलीकडे ते नावे विसरू लागले होते. त्याचा प्रश्न एवढाच होता: “चाचा, हे हलाल आहे का?”

त्या वेळी मी त्याला थोडक्यात उत्तर दिले. पण ते अपुरे होते, हे घरी आल्यावर लक्षात आले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. शरीर बळकट करण्याची इच्छा इस्लामला मान्य आहे. दुर्बल ईमानवंतापेक्षा सबळ ईमानवंत अल्लाहला अधिक प्रिय आहे आणि दोघांतही भलाई आहे, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे अबू दाऊदमध्ये नमूद आहे. रात्रभर नमाज आणि दिवसभर रोजे यांत स्वतःला झिजविणाऱ्या हजरत अबू दरदा (रजि.) यांना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी शरीराच्या हक्काची आठवण करून दिली आणि प्रेषितांनी (स.) त्यांचे म्हणणे खरे ठरविले. व्यायाम करणाऱ्या मुलाला ‘दुनियादारीत पडलास’ म्हणून टोकणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या रिवायती जरूर वाचाव्यात.

आता तरुणाचा मूळ प्रश्न. यातील क्रिएटिनचे उत्तर सर्वांत सोपे आहे. क्रिएटिन आपले शरीर स्वतः तयार करते आणि मांस व मासे यांतूनही ते मिळते. परंतु डबीतील पांढरी भुकटी मांसातून काढलेली नसते. ती कारखान्यात रासायनिक क्रियेने बनते. सुट्या भुकटीत दुसरे काही मिसळलेले नसेल तर प्राण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तीच वस्तू कॅप्सूलमध्ये भरली की मात्र आवरणाचा प्रश्न येतो.

व्हे म्हणजे दूध नासवून चीज करताना उरणारे पाणी. ते वाळवून प्रथिनांची भुकटी करतात. दूध साकळण्यासाठी पूर्वी वासराच्या जठरातील रेनेट वापरत. आज बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून मिळविलेले विकर वापरले जाते, तरी परदेशातून येणाऱ्या मालात दोन्ही प्रकार संभवतात. या बाबतीत आपल्या फुकहांनी पूर्वीच विचार केला आहे. तबूकच्या मोहिमेत प्रेषितांपुढे (स.) पनीर आणले गेले, तेव्हा त्यांनी सुरी मागविली, अल्लाहचे नाव घेतले आणि ते कापले, अशी हजरत इब्ने उमर (रजि.) यांची रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. जनावराच्या रेनेटविषयी इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत बरेच सवलतीचे आहे, इमाम शाफई (रह.) यांच्या अनुयायांचे अधिक कडक आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये दख्खनी हनफी आणि कोकणातून आलेली शाफई कुटुंबे एकाच सफमध्ये उभी राहतात. तेव्हा या सूक्ष्म प्रश्नावर प्रत्येकाने आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावे आणि शेजाऱ्याच्या डब्याकडे संशयाने पाहू नये.

खरी दक्षता हवी ती जिलेटिनबाबत. माशाच्या तेलाची मऊ, पारदर्शक कॅप्सूल साधारणतः जिलेटिनची असते. जिलेटिन गुरांची किंवा डुकरांची हाडे व कातडी उकळून काढतात. आत मासा आहे म्हणून आवरणही माशाचेच असेल, असा समज कित्येकांचा असतो; तो चुकीचा आहे. मूळ पदार्थ पूर्णपणे पालटून नवा पदार्थ बनला तर हुकूमही पालटतो काय, यास फिकहमध्ये ‘इस्तिहाला’ म्हणतात. जिलेटिनला हा नियम लागू होतो की नाही यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु हलाल आणि हराम दोन्ही स्पष्ट असून त्यांच्यामध्ये संशयास्पद गोष्टी आहेत आणि जो त्यांपासून दूर राहिला त्याने आपला दीन व आपली अब्रू वाचविली, ही शिकवण हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसमधून आपणास लाभली आहे. ज्या वस्तूला पर्याय आहे तेथे संशयात कशाला राहावे? माशाच्या जिलेटिनची किंवा वनस्पतीपासूनच्या हायप्रोमेलोजची कॅप्सूल बाजारात मिळते. हलाल प्रमाणपत्र असलेला मालही मिळतो.

वेष्टनावरील खुणेविषयी दोन शब्द. चौकटीतील हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. दूध व दुधाचे पदार्थ त्यातच मोडतात. तपकिरी खूण, जी आता त्रिकोणाची असते, ती मांसाहारी पदार्थाची. ही खूण प्राणी आहे एवढेच सांगते. कोणता प्राणी आणि कसा कापला, हे सांगत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घटक पदार्थांचा उगम वनस्पती की प्राणी हे पूर्णपणे उघड करण्यावर भर दिला होता. ती याचिका गोरक्षणाशी संबंधित संस्थेची होती; पण तिचा लाभ आपणासही आहे. काय खातो हे जाणण्याचा हक्क सर्वांचा सारखाच आहे.

येथवर पहिला शब्द झाला. आता दुसरा.

एकदा प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीपाशी थांबले. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. लक्षात घ्या, ते धान्य हराम नव्हते. डुकराचा त्यात अंश नव्हता. तरीही त्या राशीवर प्रेषितांचा (स.) हात थांबला.

त्याच हाताने आजचा डबा तपासला तर काय लागेल? केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-भुकट्यांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा आतील मालाशी जुळत नव्हता. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, सापडले. काहींत कीटकनाशकांचे अंशही होते. ही ओल्या धान्याचीच रास आहे. फक्त तिच्यावर चकचकीत झाकण बसले आहे.

याहून गंभीर बाब मैदानावर उतरणाऱ्या मुलामुलींची आहे. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेले ६३४ पूरक पदार्थ तपासले होते. त्यांपैकी ९४ पदार्थांत, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, वेष्टनावर न लिहिलेली संप्रेरके आढळली. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पिंपळे सौदागरहून बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल फार लांब नाही; आपली कित्येक मुले तेथे सरावाला किंवा स्पर्धेला जातात. उत्तेजकविरोधी नियमांचे मूलतत्त्व त्यांच्या पालकांना ठाऊक असलेच पाहिजे: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. ‘दुकानदाराने दिले’, ‘प्रशिक्षकाने सांगितले’, ‘डब्यावर लिहिले नव्हते’, या सबबींनी शिक्षा कमी होऊ शकते, पण दोष पुसला जात नाही.

महाराष्ट्राने याचा कटू अनुभव घेतला आहे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकसाठी निवडले गेले होते. स्पर्धेपूर्वीच्या चाचणीत त्यांच्या नमुन्यात बंदी असलेले स्टिरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणी तरी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. भारतातील शिस्तपालन समितीने ते मान्य केले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मान्य केले नाही आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी घातली. हे प्रकरण दुकानातल्या डब्याचे नव्हते आणि त्यातील सत्य अल्लाहच जाणतो. पण नियमाची धार किती आहे हे त्यावरून कळते. अल्लाहच्या दरबारी कृतीचे मोल नियतीवर, म्हणजे हेतूवर, ठरते. प्रयोगशाळेतील बाटलीला नियत दिसत नाही. म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाने तुकडीगणिक स्वतंत्र तपासणी झालेले उत्पादन असल्याशिवाय काहीही घेऊ नये, आणि ‘झटपट शक्ती’, ‘चरबी जाळणारे’ असे लिहिलेल्या मिश्रणांच्या वाटेला तर जाऊच नये.

मग या वस्तूंचा उपयोग तरी होतो काय? येथे सरसकट नकार देणे अन्यायाचे होईल. क्रिएटिन हा खेळाडूंसाठी सर्वाधिक अभ्यासला गेलेला पूरक पदार्थ आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास वजन उचलणे, वेगाने धावणे अशा कमी वेळाच्या, जास्त जोराच्या श्रमांत त्याचा खरोखर लाभ होतो. निरोगी प्रौढांना त्यापासून मूत्रपिंडाचा अपाय दिसून आलेला नाही. रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा मात्र त्यामुळे थोडा वाढू शकतो. म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी ते टाळावे.

प्रथिनांचा हिशेब स्वयंपाकघरातच करता येतो. सामान्य प्रौढास दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. कसून व्यायाम करणाऱ्यास १.४ ते २ ग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या तरुणास किमान ८४. आता पाहा: दोन अंडी १२ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, शंभर ग्रॅम शिजलेली कोंबडी २७, मूठभर फुटाणे १०, वाटीभर डाळ ७, तीन पोळ्या ९ ते १०. बेरीज ८० च्या पुढे जाते. बांगडा किंवा सुरमईचा एक मोठा तुकडा ताटात आला की काहीच उणे राहत नाही. भोसरीच्या तालमीतील मल्ल दूध, बदाम आणि तूप यांच्या खुराकावर पिढ्यान्‌पिढ्या घडले. त्या खुराकाचे आंधळे कौतुक मला करायचे नाही, कारण बैठे काम करणाऱ्याने तो घेतला तर पोटच वाढेल. पण तो खुराक डोळ्यांसमोर बनत होता. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शनात, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असाच सल्ला दिला. ज्यास कामाच्या पाळ्यांमुळे जेवण जमत नाही त्याने भरवशाचा डबा सोय म्हणून घेतला तर ती चैन असेल, गुन्हा नव्हे. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याच्या अनुमतीला लागूनच उधळपट्टीची मनाई आहे. महिन्याच्या किराण्याहून महाग डबा घेताना ती आठवावी.

व्यायामानंतर स्नायू भरून येण्यासाठी पुरेशी झोप हवी. रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहून सकाळी थकव्यावर उपाय शोधणाऱ्याला कोणतीही भुकटी साथ देणार नाही. रमजानमध्ये काही तरुण हे सर्व सोडून देतात किंवा इफ्तारनंतर एकदम दुप्पट घेतात. दोन्हींची गरज नाही. नेहमीचेच प्रमाण इफ्तार आणि सहरीमध्ये विभागावे आणि पाणी भरपूर प्यावे.

आता तिसरी बाटली, अब्बांची. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच.

उपचार करा, कारण अल्लाहने आजाराबरोबर त्याचे औषधही निर्माण केले आहे, अशा आशयाची हदीस हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्याकडून आली आहे. तिचा पूर्वार्ध आपण नेहमी सांगतो. उत्तरार्धात एक अपवाद आहे: वार्धक्य. वार्धक्यावर औषध नाही. स्मरणशक्ती परत आणण्याची हमी देणारी प्रत्येक बाटली याच अपवादाला आव्हान देत असते, आणि तिचे दावे मोजून पाहिले गेले आहेत. अमेरिकेत जिंकगो या वनस्पतीचा अर्क ३,००० हून अधिक वृद्धांवर सुमारे सहा वर्षे तपासला. २००८ मध्ये निष्कर्ष आला की स्मृतिभ्रंश टळत नाही. माशाच्या तेलातील ओमेगा-३ सुमारे ३,५०० वृद्धांच्या अभ्यासात पाच वर्षे तपासले. २०१५ चा निष्कर्ष असा की बुद्धीची घसरण मंदावत नाही. अलीकडे रोजच्या बहुजीवनसत्त्वाच्या गोळीने साठीपुढील लोकांच्या स्मरणात थोडी सुधारणा दिसल्याचे ‘कॉसमॉस’ या अभ्यासातून पुढे आले आहे. पण त्याने स्मृतिभ्रंश टळतो असे सिद्ध झालेले नाही. मासे ताटात खाणे चांगलेच आहे. त्याची जागा बाटली घेत नाही. आणि ज्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे त्यांनी जिंकगो घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘एचए’ म्हणून ओळखतो. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनू लागले. पेनिसिलिन हे औषध. त्याचा गुण आधी सिद्ध करावा लागतो. पूरक आहार मात्र कायद्याने अन्न आहे. त्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, म्हणजे वेष्टनावरील १४ अंकी क्रमांक, लागतो आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापावे लागते. ही ओळ बारीक अक्षरांत असते. समोरच्या बाजूला मेंदूचे चित्र मोठे असते.

आपल्या समाजात याला आणखी एक जोड मिळाली आहे. कलौंजी, मध, अजवा खजूर यांच्या कॅप्सूल ‘तिब्बे-नबवी’ या नावाने सर्व रोगांवर विकल्या जातात. कलौंजीची हदीस सहीह आहे आणि मधात शिफा असल्याचे कुरआनमध्ये आहे. त्याविषयी आमचे ईमान निःशंक आहे. परंतु अमुक कंपनीची बाटली अब्बांचा विसराळूपणा घालवील, हे प्रेषितांनी (स.) कोठेही सांगितलेले नाही. वैद्यकाचे ज्ञान नसता उपचार करणाऱ्यावर अपायाची जबाबदारी येते, हेही त्यांच्याच शिकवणुकीत आहे आणि ते अबू दाऊदमध्ये नमूद आहे. प्रेषितांचे (स.) नाव बाटलीवर लावणाऱ्याने ही रिवायतही बाटलीवर छापली असती तर बरे झाले असते.

बाटलीचा खरा अपाय तिच्यातील तेलात नसतो. ती घेतल्यामुळे डॉक्टरांकडे जाणे लांबते, त्यात असतो. विसराळूपणाची काही कारणे बरी होण्याजोगी असतात. थायरॉइड, नैराश्य, ऐकू कमी येणे आणि विशेषतः बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होण्याची शक्यता वाढते, आणि आपल्यापैकी किती घरांत ही गोळी आहे हे सांगायला नको. साध्या रक्ततपासणीने ते कळते. वेळेवर कळले तर सुधारते. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायम राहू शकते. माझ्या स्वतःच्या चुलत्यांना आम्ही दीड वर्ष स्मरणशक्तीची पूड दुधातून दिली. ती पूड हलाल होती. आम्ही खात्री करून घेतली होती. त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या, चालताना तोल जात होता, आणि आम्ही त्याला वय म्हणत होतो. तपासणी झाली तेव्हा बी-१२ अगदी तळाला गेले होते. इंजेक्शनांनी नावे पुष्कळशी परत आली. पावले नाही. ते आता खुर्चीवर बसून नमाज अदा करतात.

त्या तरुणाला मी हे सर्व सांगितले ते पुढल्या शुक्रवारी. क्रिएटिनची डबी त्याने ठेवली आहे. व्हेच्या डब्यावरील परवान्याचा क्रमांक त्याने अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदीत शोधला, तो सापडला नाही. दुकानदाराने फोडलेला डबा परत घेण्यास नकार दिला. कॅप्सूलच्या बाटलीवर फक्त ‘जिलेटिन’ एवढेच लिहिले होते. अब्बांना मेटफॉर्मिन चालू होऊन अकरा वर्षे झाली होती. रक्त तपासायला दिले आहे, अहवाल सोमवारी मिळणार आहे.